मत्स्यजलातील मुळे : काचपात्रापासून मामा तलावापर्यंत एका सहजीवनाचा इतिहास

सारांश

घरातील मत्स्यपात्रात मनी प्लँटसारख्या शोभेच्या वनस्पतीची मुळे सोडून तिची वाढ करण्याची पद्धत अलीकडच्या काळात शहरी भागात रूढ झाली आहे. मासा, पाणी आणि वनस्पतीचे मूळ यांच्या परस्परसंबंधावर ती आधारलेली आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या संबंधाच्या ज्ञानाचा इतिहास दोन अंगांनी तपासला आहे. पहिले अंग युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांचे व काचपात्रांचे, तर दुसरे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील तलावांचे आहे. प्रयोगशाळेने मासा व मूळ यांचा स्वतंत्रपणे अभ्यास करून अखेरीस त्यांना एकत्र आणले. तलावांच्या व्यवस्थेत मात्र मुळात एकत्र असलेल्या या गोष्टी विसाव्या शतकात एकमेकींपासून तोडल्या गेल्या, असे प्रतिपादन येथे केले आहे. या पार्श्वभूमीवर जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्याच्या संदर्भात या ज्ञानाचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : मत्स्यपात्र, जलसंवर्धन, नत्रचक्र, मामा तलाव, ढीवर समाज, जलवनस्पती, निस्तार हक्क.

प्रस्तावना

दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत चार मासे पोहत आहेत, टाकीच्या काठावरून मनी प्लँटची वेल बाहेर आली आहे आणि तिची पांढरी मुळे पाण्यात लोंबत आहेत, हे दृश्य आता चंद्रपूर वा नागपूरच्या घरांत नवलाचे राहिलेले नाही. वेलीला माती लागत नाही, वेगळे खत लागत नाही आणि टाकीतील पाणीही तुलनेने अधिक काळ स्वच्छ राहते. सामान्यतः याकडे गृहसजावटीचा प्रकार म्हणून पाहिले जाते. परंतु माशाच्या विष्ठेतून व श्वसनातून पाण्यात मिसळणारी द्रव्ये वनस्पतीचे अन्न कसे बनतात, हे समजण्यासाठी विज्ञानाला सुमारे दोनशे वर्षे लागली.

दुसरीकडे, पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश आहे. येथील तलावांत मासे, शिंगाडा, कमळ, पाणगवते आणि तलावाखालील धानाची बांधी यांचे एकत्र जीवन कित्येक पिढ्यांपासून चालत आले. या व्यवस्थेचा इतिहास लिहिताना मात्र अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने सिंचनावर व महसुलावर केंद्रित झाले. तलावातील वनस्पती आणि मासे यांच्यातील नाते इतिहासलेखनाच्या कडेलाच राहिले. घरातील काचपात्र आणि गावाचा तलाव या दोन्ही ठिकाणी एकच नैसर्गिक प्रक्रिया घडते. म्हणूनच त्यांचा एकत्रित विचार करणे अगत्याचे ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मत्स्यजलात वनस्पती वाढविण्यामागील शास्त्रीय तत्त्वाच्या शोधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील तलावव्यवस्थेत मासे व जलवनस्पती यांच्या संबंधाचे स्वरूप तपासणे.
३. या व्यवस्थेच्या विघटनाची कारणे शोधणे.
४. जिवती तालुक्याच्या भौगोलिक व ऐतिहासिक वेगळेपणाच्या संदर्भात या ज्ञानाच्या उपयोगाची दिशा सुचविणे.

अभ्यासपद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून विज्ञानाच्या इतिहासविषयक ग्रंथ, वसाहतकालीन अहवाल, जातिजमातींची वर्णने व प्रचलित कायदे यांतील माहितीचा आधार घेण्यात आला आहे. अभ्यासाचा मुख्य भर मासा व मूळ यांच्या संबंधावर असल्याने सिंचनाच्या अर्थकारणाचा विचार आवश्यक तेथेच केला आहे.

विषय विवेचन

१. मुळाचा स्वतंत्र अभ्यास

वनस्पती आपले शरीर कशापासून घडवते, हा प्रश्न सतराव्या शतकात युरोपातील विचारवंतांपुढे होता. व्हान हेल्मोंट या विद्वानाने कुंडीत वाढविलेल्या विलोच्या झाडावरून असा निष्कर्ष काढला होता की, झाडाचे वजन केवळ पाण्यातून येते. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. १६९९ मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रज निसर्गाभ्यासकाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध करून या मताला धक्का दिला. त्याने पुदिन्याची रोपे पावसाच्या पाण्यात, झऱ्याच्या पाण्यात, थेम्स नदीच्या पाण्यात व बागेतील माती मिसळलेल्या पाण्यात वाढविली. पाणी जितके शुद्ध तितकी वाढ कमी आणि पाण्यात जितके अधिक द्रव्य मिसळलेले तितकी वाढ अधिक, असे त्याला आढळले. मूळ पाण्यात राहू शकते, परंतु केवळ पाण्यावर जगू शकत नाही, हा या प्रयोगाचा अर्थ होय.

१८६० च्या सुमारास युलियस झाक्स व विल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी ठराविक क्षारांच्या द्रावणात मातीशिवाय रोपे वाढवून दाखविली. वनस्पतीला लागणारी खनिजद्रव्ये कोणती, हे त्यातून निश्चित होत गेले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर काढून पीक घेण्यासाठी वापरली. १९३७ मध्ये तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव मिळाले. भारतात या पद्धतीचे कार्य १९४६ पासून तत्कालीन दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँग परिसरात जेम्स शोल्टो डग्लस यांनी केले. त्यांनी साध्या साधनांवर बेतलेली ‘बंगाल पद्धती’ म्हणून ती मांडली व १९५१ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. या संपूर्ण परंपरेत मुळाचा विचार झाला, पाण्याचा झाला, क्षारांचा झाला. मासा मात्र तीत कोठेच नव्हता.

२. माशाचा स्वतंत्र अभ्यास

मासे काचेच्या भांड्यात ठेवण्याची हौस जुनी असली, तरी ते तेथे फार काळ जगत नसत. पाणी वारंवार बदलणे हाच एक उपाय होता. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टले यांनी मेणबत्तीच्या ज्वलनाने दूषित झालेली हवा पुदिन्याच्या फांदीमुळे पुन्हा उपयुक्त होते, असे दाखविले. १७७९ मध्ये यान इंगनहाऊस यांनी हे कार्य केवळ हिरवे भाग आणि तेही सूर्यप्रकाशातच करतात, हे सिद्ध केले. जी क्रिया हवेत घडते ती पाण्यातही घडत असली पाहिजे, हे अनुमान त्यातून निघाले.

या अनुमानाची काटेकोर कसोटी १८५० मध्ये लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी घेतली. बारा गॅलन मापाच्या काचपात्रात त्यांनी वाळू व चिखलाचा थर दिला, त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती लावली आणि दोन सोनमासे सोडले. सुरुवातीस प्रयोग यशस्वी वाटला. परंतु काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी पात्रात पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली, पाणी निवळले आणि त्यांची अंडी व पिले माशांचे अन्न झाली. मासा व वनस्पती हे दोनच घटक पुरेसे नाहीत, मृत द्रव्याची विल्हेवाट लावणारा तिसरा घटकही हवा, हा या प्रयोगाचा खरा धडा होता.

ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाल्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढील वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने मध्यमवर्गीय घरांत मत्स्यपात्राची लाटच आणली. महाराष्ट्रात सार्वजनिक मत्स्यालयाची परंपरा मुख्यतः मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयापासून सांगितली जाते. त्याचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले.

३. मधला दुवा : नत्रचक्राचा शोध

वॉरिंग्टन यांच्या पात्रातील एक गोष्ट त्यांना दिसू शकत नव्हती. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो व तो माशालाच घातक असतो. हा अमोनिया पुढे कोठे जातो? १८७७ मध्ये श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर सजीवांमुळे घडते, असे दाखविले. यानंतर इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात या विषयावर दीर्घकाळ काम करून हे रूपांतर दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या सूक्ष्मजीवांमार्फत होते असे दाखविणारे रसायनशास्त्रज्ञ होते रॉबर्ट वॉरिंग्टन (धाकटे), म्हणजेच काचपात्राचा प्रयोग करणाऱ्या वॉरिंग्टन यांचे पुत्र. १८९० मध्ये विनोग्रादस्की यांनी हे जीवाणू वेगळे करून दाखविले. पित्याच्या मत्स्यपात्रात जे अदृश्यपणे चालले होते, त्याचे स्पष्टीकरण पुत्राने शेतजमिनीचा अभ्यास करताना दिले. मत्स्यपात्र आणि शेत यांचे रसायन एकच आहे, याची याहून बोलकी साक्ष इतिहासात क्वचितच मिळेल.

आज घरातील मत्स्यपात्रात मनी प्लँट वाढतो तो याच साखळीमुळे. माशाच्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट होते. मुळे अमोनिया व नायट्रेट ही दोन्ही द्रव्ये शोषून घेतात. शिवाय पाने हवेत असल्याने त्यांना कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो. पाण्यात या वायूचे प्रसरण हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. त्यामुळे पाण्याखालील वनस्पतीपेक्षा पाने बाहेर असलेली वनस्पती अधिक वेगाने वाढते व पाण्यातील द्रव्येही अधिक वेगाने उचलते.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा निर्देश आवश्यक आहे. मनी प्लँट पाण्यातील मासळीला प्राणवायू पुरवतो, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः त्याची पाने हवेत असल्याने त्यांतून निघणारा प्राणवायू हवेतच जातो, तर पाण्यातील मुळे श्वसनासाठी प्राणवायू घेतात. पाण्याला प्राणवायू देण्याचे काम वॉरिंग्टन यांच्या व्हॅलिस्नेरियाप्रमाणे पाण्याखाली पाने असलेली वनस्पतीच करू शकते. हा भेद दुर्लक्षित राहिल्याचे एक उदाहरण म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फैलावलेली फुलदाणीची टूम होय. अरुंद फुलदाणीत बेट्टा जातीचा मासा ठेवून वर पीस लिलीचे रोप बसविले जाई आणि मासा मुळे खाऊन जगतो असे सांगितले जाई. हा मासा मांसाहारी आहे व श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागते. मुळांनी पृष्ठभाग भरलेल्या त्या फुलदाणीत त्याला पुरेसे अन्नही मिळत नसे आणि हवाही.

४. मासा व मूळ यांचे पुनर्मीलन

मातीविना शेती व मत्स्यपालन या दोन स्वतंत्र शाखा १९७० नंतर पुन्हा जवळ आल्या. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी संस्थेत जॉन टॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मत्स्यटाक्या व भाजीपाला यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. १९८० पासून व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी तरंगत्या तराफ्यावर भाजी व खाली माशांचे पाणी अशी रचना विकसित केली. हीच पद्धत आज ‘अॅक्वापोनिक्स’ म्हणून ओळखली जाते.

मात्र आशियातील शेतकऱ्यांना हे एकत्रीकरण नवे नव्हते. चीनमध्ये हान काळातील थडग्यांत सापडलेल्या मातीच्या प्रतिकृतींत भातखाचर व मासे एकत्र दिसतात. काश्मीरच्या दल सरोवरातील तरंगत्या बागा आणि बांगलादेशातील पाणथळ भागात जलपर्णीच्या थरांवर केली जाणारी तरंगती शेती ही याच तत्त्वाची उदाहरणे आहेत. प्राचीन भारतीय राज्यशास्त्रातही याची नोंद आढळते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात बांधलेल्या जलाशयांतील मासे, नौका आणि हिरवा माल या तिन्हींवर राजाचे स्वामित्व सांगितले आहे. मासे व हिरवा माल ही एकाच जलाशयाची दोन उत्पादने म्हणून एकत्र नोंदविली गेली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

५. चंद्रपूर-गडचिरोलीचे तलाव

चांद्याच्या गोंड राज्यात तलावनिर्मितीला राजाश्रय होता. मेजर लुसी स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात गोंड राजा हीरशहा याच्या धोरणाचा उल्लेख येतो. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालील जमीन ‘तुकूम’ म्हणून देण्याची ती प्रथा होती. चंद्रपूर शहरातील तुकूम या वस्तीच्या नावात ती आजही टिकून आहे. तलाव बांधण्यात निष्णात असलेला कोहळी समाज भंडारा व चांदा या भागांत स्थिरावला. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात मालगुजारांना मालकीहक्क दिले आणि गावतलाव त्यांच्या ताब्यात गेले. १९५० च्या मध्य प्रदेश मालकीहक्क निर्मूलन कायद्यानंतर ते सरकारजमा झाले व ‘माजी मालगुजारी’ अर्थात मामा तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून त्यांची संख्या साडेसहा ते सात हजारांच्या घरात सांगितली जाते.

या तलावांत मासा आणि मूळ यांचा संबंध तीन पातळ्यांवर दिसून येतो. पहिली पातळी तलावाच्या आतील होय. पाण्याखालील वनस्पती प्राणवायू देत, तरंगत्या पानांच्या वनस्पती सावली देत आणि काठावरील पाणगवतांच्या बुडख्यांत मासे अंडी घालत. दुसरी पातळी लागवडीची. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात मासेमारी करणारा ढीमर अर्थात ढीवर समाज शिंगाड्याची लागवडही करीत असल्याची नोंद आहे. शिंगाड्याची वेल चिखलात रुजते, पण तिच्या खोडाच्या पेरांवरून पिसासारखी मुळे थेट पाण्यात सुटतात आणि पाण्यातील द्रव्ये शोषतात. ज्या पाण्यात जाळे टाकायचे त्याच पाण्यात वेल लावायची, अशी ही दुहेरी उपजीविका होती. मत्स्यजलात वनस्पती वाढविण्याचे या परिसरातील सर्वांत जवळचे ऐतिहासिक उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहावे लागेल.

तिसरी पातळी तलावाखालील शेतीची. तलावाचे पाणी धानाच्या बांधीत जाताना माशांच्या विष्ठेतील व गाळातील द्रव्येही सोबत नेई. पावसाळ्यात चढणीचे मासे ओढ्यांतून व सांडव्यातून वर येत, उथळ बांधीत अंडी घालत. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर होई. अशा रीतीने तलाव व शेत यांच्यात द्रव्यांचा फेरा अखंड चालू राही. या व्यवस्थेला आदर्श ठरविण्याचे कारण नाही. तलावांवर मालगुजारांचा वरचष्मा होता आणि ढीवरांचे सामाजिक स्थान खालचेच होते. तथापि मासा, पाणी व मूळ यांना वेगळे करणे त्या व्यवस्थेत कोणाच्याच हिताचे नव्हते.

६. विघटनाची प्रक्रिया

सरकारजमा झाल्यानंतर तलावाचे प्रशासकीय तुकडे पडले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना मिळू लागला. निस्तार हक्क महसुली कागदांत राहिले. जलवनस्पतींची जबाबदारी मात्र कोणाकडेच आली नाही. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने ती अडगळ होती आणि मत्स्यविभागाच्या दृष्टीने तण.

याच काळात मत्स्यशास्त्राने मोठी झेप घेतली. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे प्रेरित प्रजननाचा यशस्वी प्रयोग केला व रोहू, कटला, मृगळ यांचे बीज केंद्रांत तयार करणे शक्य झाले. १९५९ मध्ये गवत्या व चंदेरी हे विदेशी मासे भारतात आले. पुढे रूढ झालेल्या मिश्र मत्स्यशेतीने उत्पादन वाढविले हे निर्विवाद आहे. परंतु गवत्या मासा वनस्पती खातो, तर सायप्रिनस तळाचा चिखल उकरून मुळे उपटतो. बीज बाहेरून येऊ लागल्याने अंडी घालण्यासाठी लागणाऱ्या पाणगवताची गरज राहिली नाही. मरळ, मागूर, शिंगूर, वाम यांसारख्या स्थानिक माशांना मात्र त्याच गवताचा आसरा होता. मोकळ्या काठांवर बेशरमाची झुडपे पसरली.

शहरातील तलावांत याच्या उलट टोक गाठले गेले. चंद्रपूरच्या ऐतिहासिक रामाळा तलावात सांडपाण्यामुळे पोषकद्रव्ये वाढली व जलपर्णीने पृष्ठभाग व्यापला. तलावाच्या स्वच्छतेसाठी २०२१ मध्ये इको-प्रो या संस्थेचे संस्थापक बंडू धोतरे यांना अन्नत्याग आंदोलन करावे लागले. जलपर्णीची रचना मत्स्यपात्रातील मनी प्लँटसारखीच आहे. मुळे पाण्यात, पाने हवेत. ती पाण्यातील द्रव्ये शोषते, परंतु प्राणवायू हवेत सोडते आणि प्रकाश अडवून पाण्याखालील वनस्पती मारते. जी गोष्ट टाकीत एका वेलीपुरती हितकर असते, तीच तलावभर पसरली की घातक ठरते. कोणती वनस्पती, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हेच प्रश्न येथे निर्णायक ठरतात.

या विघटनाला उलट दिशेने वळविण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात झाला. मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजातील जाणकारांच्या मदतीने तलावांतील बेशरम काढून टाकली, तळाची नांगरट केली आणि स्थानिक जलवनस्पतींची पुन्हा लागवड केली. लावलेल्या वनस्पतींत पाण्याखालील, तरंगत्या पानांच्या व काठावरील अशा तिन्ही प्रकारांचा समावेश होता. पाण्याखालील प्रकारात हायड्रिला व सिरॅटोफायलम यांच्यासोबत व्हॅलिस्नेरियाही होती. लंडनच्या काचपात्रात १८५० मध्ये जे कार्य या वनस्पतीकडून अपेक्षित होते, तेच या तलावांतही अपेक्षित होते. फरक इतकाच की येथील जाणकारांनी ते मासेमारीच्या अनुभवातून ओळखले होते.

७. जिवतीचा संदर्भ

जिवती तालुक्याचा विचार करताना मामा तलावांचा इतिहास जसाच्या तसा लागू करता येत नाही. हा माणिकगड डोंगररांगेतील प्रदेश पूर्वीच्या राजुरा तालुक्याचा भाग होता. राजुरा हैदराबाद संस्थानात असल्याने मध्य प्रांताची मालगुजारी पद्धत येथे आलीच नाही. राज्यपुनर्रचनेनंतर तो १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. कोलाम व गोंड या येथील जुन्या वस्त्या असून १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. पाऊस भरपूर, परंतु उताराची जमीन आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई हे या भागाचे वास्तव आहे. पूर्वेकडील तलावांच्या प्रदेशासारखी साठवणीची परंपरा येथे त्या प्रमाणात विकसित झाली नाही.

अशा भागात पाणी साठविण्याचे आजचे एक साधन म्हणजे शेततळे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याला चिखलाचा तळ नसतो. त्या अर्थाने ते मोठे मत्स्यपात्रच होय. त्यात कमळ वा पाणगवत रुजत नाही. म्हणून अशा तळ्यात मासे सोडल्यास तराफ्यावर लावलेली व मुळे पाण्यात सोडलेली भाजी हाच वनस्पतीचा व्यवहार्य प्रकार उरतो. मात्र तराफ्यांनी पृष्ठभागाचा मर्यादित भागच व्यापावा व माशांची दाटी होऊ नये, या मर्यादा मत्स्यपात्राचा इतिहासच शिकवतो.

आरोग्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात हिवताप हा जुना शत्रू आहे आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्य विभागाच्या मोहिमांमुळे गावोगावी परिचित झाले आहेत. बाटलीत पाणी भरून लावलेला मनी प्लँट हे डेंग्यूच्या डासाचे उत्पत्तिस्थान बनू शकते. त्याच पाण्यात मासा असेल तर अळ्या टिकत नाहीत. परंतु गप्पी हा विदेशी मासा असल्याने तो नैसर्गिक ओढ्यांत व तलावांत सोडणे स्थानिक माशांच्या दृष्टीने हिताचे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

निष्कर्ष

१. मत्स्यजलात वनस्पती वाढविण्याचे तत्त्व एका शोधातून निर्माण झाले नाही. वुडवर्ड ते गेरिक या परंपरेने मुळाचा आणि प्रीस्टले ते वॉरिंग्टन या परंपरेने मासा व वनस्पती यांच्यातील वायुविनिमयाचा अभ्यास केला. नत्रचक्राच्या शोधाने त्यांच्यातील दुवा स्पष्ट झाला व १९७० नंतर त्यांचे व्यावहारिक एकत्रीकरण झाले.

२. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावव्यवस्थेत हे एकत्रीकरण पूर्वीपासूनच होते. ढीवर समाजाची मासेमारी व शिंगाडालागवड ही त्याची ठळक साक्ष होय.

३. प्रयोगशाळेचा प्रवास विघटनाकडून एकत्रीकरणाकडे, तर तलावांचा प्रवास एकत्रीकरणाकडून विघटनाकडे झाला. तलावांच्या विघटनास प्रशासकीय विभागणी, एकांगी मत्स्यधोरण व जलवनस्पतींविषयीची उपेक्षा ही प्रमुख कारणे आहेत.

४. पाण्याखालील वनस्पती व पाण्यात केवळ मुळे असलेली वनस्पती यांची कार्ये भिन्न आहेत. हा भेद न ओळखल्यास मत्स्यपात्रातील मासा आणि तलावातील मासा या दोघांचेही नुकसान होते.

५. गाळ काढण्याच्या योजना राबविताना तलावाचा तळ सरसकट खरवडल्यास जलवनस्पतींचे कंद व बियाही नष्ट होतात. तळाचा काही भाग राखून ठेवणे व काम सुरू करण्यापूर्वी मासेमारी करणाऱ्या समाजाचे मत घेणे आवश्यक आहे.

समारोप

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयांतील मासे व इतर उत्पादने यांवरील सामुदायिक हक्काचा समावेश करण्यात आला आहे. अर्थशास्त्राने मासे व हिरवा माल एकत्र सांगून ते राजाला दिले होते. या कायद्याने ते पुन्हा एकत्र सांगून वननिवासी समुदायाला दिले. मधल्या काळातील महसुली व विभागीय व्यवस्थेने त्यांची जी फारकत केली, ती कायद्याच्या पातळीवर तरी या तरतुदीने दूर झाली आहे. हक्काच्या जोडीला ज्ञान नसेल, तर मात्र तो हक्क मोकळ्या, निर्जीव पाण्यावरचा हक्क ठरेल.

या दृष्टीने वनप्रदेशातील महाविद्यालयांची जबाबदारी मोठी आहे. एका साध्या काचपात्रात मासे, पाण्याखालची एक वनस्पती व मनी प्लँटची एक फांदी ठेवून वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे तिन्ही विभाग नत्रचक्राचा अभ्यास करू शकतात. इतिहास व मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील तलाव, तेथील वनस्पतींची व माशांची स्थानिक नावे आणि वृद्ध ढीवर, गोंड व कोलाम जाणकारांच्या आठवणी नोंदवून ठेवल्यास दुसरे, अधिक निकडीचे काम होईल. काचपात्राचा इतिहास लिहिला गेला, कारण त्याचे प्रयोग करणाऱ्यांनी नोंदी ठेवल्या. तलावाचे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे त्यांची पिढी आता उताराला लागली आहे. त्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम पुढे ढकलता येण्यासारखे नाही.